हरविलेल्याची चेहरेपट्टी

इ. स. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत वरळींतील एक बारा वर्षांचा मुलगा खेळतां खेळतां घरापासून लांब गेला व दिसेनासा झाला. मुलाच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानानें मंद. कांहीं तासांनीं तो कुलाब्यास आढळला. पोलिसांनीं पाहिलें तों त्याच्या गळ्यांत एक लॉकेट होतें व त्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट, म्हणजे ज्यास हल्लीं क्यूआर कोड म्हणतात ती, उठविलेली होती. मोबाइलच्या कॅमेऱ्यानें ती चौकट वाचतांच घरच्यांचा ठिकाणा लागला व मुलगा त्यांच्या हवालीं झाला. हें लॉकेट अक्षय रिडलान नांवाच्या मुंबईंतील एका तरुण अभियंत्यानें अशाच माणसांसाठीं तयार केलेलें असून या उपक्रमास त्यानें ‘चेतना’ असें नांव दिलें आहे. मुलाचें नांव व बिऱ्हाड येथें देण्याचें प्रयोजन नाहीं.

वर्तमानपत्रांत दोन दिवस छापून येऊन विसरली जाणारी ही हकीकत संशोधनाच्या त्रैमासिकांत कशाला, असें वाचकांस वाटेल. परंतु माणसाची ओळख कागदावर कशी उतरवावी, व तो माणूस स्वतः बोलूं शकत नसतां त्या कागदावरून त्याचें घर कसें शोधावें, हा प्रश्न आपल्या दफ्तरांइतकाच जुना आहे. शिवाय मुलगा सांपडला तो कुलाब्यास, आणि या विषयाच्या इतिहासांत कुलाब्याचें स्थान मोठें चमत्कारिक आहे.

वरळी व कुलाबा हीं दोन्हीं मुंबईच्या मूळ सात बेटांपैकीं. कुलाबा १८३८ सालीं रस्त्यानें शहरास जोडला गेला. त्यापूर्वींच, १८२६ च्या सुमारास, त्या एकलकोंड्या बेटावर इंग्रजांनीं वेड्यांचें इस्पितळ घातलें होतें. पुढें १८५८ चा छत्तिसावा कायदा झाला. त्यानें पोलिसांच्या दरोग्यावर असें कर्तव्य घातलें कीं, आपल्या हद्दींत वेडसर दिसणारा कोणी मोकाट फिरतांना आढळल्यास त्यास धरून मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें. मॅजिस्ट्रेटानें डॉक्टराचें मत घेऊन त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत करावी, अथवा कोणी आप्त हजर होऊन सांभाळण्याचा जामीन देईल तर त्याच्या हवालीं करावें. आप्त हजर झाला तर! आप्तास शोधून काढण्याची जबाबदारी सरकारनें स्वतःवर घेतलेली नव्हती. १९१२ च्या कायद्यांतही कलमांचा रोख तोच राहिला. त्या काळीं वरळीचा एखादा भोळसर मुलगा कुलाब्यास भटकतांना सांपडता, तर त्याचा मुक्काम जवळच, त्याच बेटावर, आणि कदाचित् जन्मभर, पडण्याचा संभव होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं ठाण्यास नौपाड्यांत नवें इस्पितळ झाल्यावर कुलाब्याच्या त्या घराची गोष्ट लोक विसरले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याच्या शंभराव्या कलमानें मात्र रोख पालटला. अशा माणसास कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं. चोवीस तासांच्या आंत त्यास सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें लागतें. आणि तो बेघर अथवा भटकत आलेला असेल, तर ठाणेदारानें हरविलेल्या माणसाची फिर्याद नोंदवून त्याचें कुटुंब हुडकावें, असें आतां स्पष्ट लिहिलें आहे. या कायद्याच्या व्याख्येंत स्मृति व दिशा-काळाचें भान यांचा बिघाड येतो, परंतु बुद्धीची वाढ जन्मतःच खुंटलेली असणें येत नाहीं. तेव्हां वरच्या मुलासारख्यांचा आधार निराळा. हरविलेल्या प्रत्येक मुलाबद्दल फिर्याद नोंदविलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा निर्णय आहे, तो त्यांस उपयोगीं पडतो. माणूस हरवल्यावर चोवीस तास वाट पाहून मग चौकीवर जावें, हा समज लोकांत फार रुजलेला आहे. तो अगदीं निराधार व घातक आहे. आजाऱ्याच्या बाबतींत तर पहिले कांहीं तास हेच मोलाचे असतात.

आपल्या भाषेंत या सर्व अवस्थांना शब्द पुष्कळ आहेत: वेडा, पिसा, खुळा, भ्रमिष्ट, चळलेला. वृद्धापकाळच्या विस्मृतीला ‘म्हातारचळ’ असें खास नांव असून, साठी झाली कीं बुद्धि नाठी होते, ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. स्मृतिभ्रंश हा शब्द तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत येतो, जरी तेथील अर्थ वैद्यकाचा नव्हे. जर्मनींत आलोइस आल्त्सहाइमर यानें १९०६ सालीं अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूंतील विकृति दाखवून दिली, तेव्हांपासून हा वयाचा दोष नसून रोग आहे ही समजूत हळूहळू दृढ झाली. आपल्याकडे शब्द असूनही रोगाची जाणीव उशिरा आली. म्हातारचळ म्हटलें कीं घरचे हंसून सोडून देत, आणि आजोबा एके दिवशीं बाहेर पडून परत न आले म्हणजे धांवाधांव होई.

जुन्या मराठी वाङ्मयांत याचें एक विलक्षण चित्र आहे. म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या अखेरीस रचिलेलें गोविंदप्रभूंचें, म्हणजे ऋद्धिपूरच्या गुंडम राउळांचें, चरित्र हस्तलिखितें जमविणाऱ्यांस परिचयाचें आहे. महानुभाव पंथीयांच्या श्रद्धेनें ते ईश्वरावतार; गांवच्या सामान्य जनांस मात्र त्यांचें वागणें वेड्यासारखें भासे, हें चरित्रकार लपवीत नाहीं. ते कोणाच्याही घरांत शिरत, हातीं येईल तें खात, मनास येईल तिकडे फिरत. लीळांतील सिद्धान्ताचा विचार येथें कर्तव्य नाहीं. आमचें लक्ष वेधतें तें हें कीं, राउळ कोठें गेले, कोणाच्या अंगणांत बसले, हें सगळ्या ऋद्धिपुरास ठाऊक असे व शिष्य सदैव पाठीशीं असत. जेथें प्रत्येक उंबरठा ओळखीचा, तेथें माणूस भटकला तरी हरवत नाहीं. भटकणें व हरवणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली माणसाच्या मनांत घडते, दुसरी त्याच्या भोवतालीं.

परक्या मुलखांत मात्र ओळखीला पुरावा लागतो. लष्करी दफ्तरांत तो पुरावा चेहरेपट्टीच्या रूपानें आढळतो. घोड्यास डाग व स्वारास चेहरा, ही रीत अल्लाउद्दीन खिलजीपासून मोंगलांकडे व तेथून आपल्याकडे आली. नांव, बापाचें नांव, राहणार कोठला, वर्ण, बांधा, देवीचे वण, तीळ, जखमेची खूण, एवढ्यांत माणूस बसवावयाचा. हेतु पगार चुकविण्याचा नसून फसवणूक टाळण्याचा, म्हणजे एकाच्या जागीं दुसरा उभा राहूं नये हा होता. तरीही ही रीत चमत्कारिक रीतीनें टिकली. मुंबई दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ या सदरांत हरविलेल्यांचीं छायाचित्रें दाखवून निवेदक जें वाचीत, त्यांत वर्ण, बांधा, उंची, अंगांतील कपडे व शरीरावरील खूण हाच क्रम असे. शिलेदाराच्या चेहऱ्याची यादी ज्यानें वाचली असेल त्यास तें ऐकतांना ओळखीचें वाटल्याशिवाय राहणार नाहीं.

चेहऱ्याचा पुरावा किती दगा देतो, याचें उदाहरण वाचकांस सांगावयास नको. पण प्रस्तुत विषयाशीं त्याचा संबंध आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ नाहींसे झाले. ते वारले यावर पुष्कळांचा विश्वास बसेना, आणि पार्वतीबाईंनीं तर १७८३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. अशा वेळीं सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढें आला. धरला गेला, किल्ल्यांवर कैदेंत राहिला, १७७६ सालीं रत्नागिरीहून सुटून त्यानें कोंकणांत मोठें बंड उभारलें व अखेर आंग्र्यांच्या हातीं सांपडून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्यास देहान्त शिक्षा पावला. न. चिं. केळकरांनीं यावर नाटक लिहिलें आहे. पंधरा वर्षांत चेहरा इतका पालटतो कीं, ज्यास विश्वास ठेवावयाचाच आहे त्यास तो कोठलाही चेहरा पटतो. तोतयाच्या प्रकरणाचा बोध राजकारणी पुरुषांनीं एक घेतला. हरविलेल्यांच्या शोधांत दुसरा घ्यावा लागतो. तोतया निदान ‘मी अमका’ म्हणून ओरडून सांगत होता. स्मृति गेलेला माणूस कांहींच सांगत नाहीं, व म्हणून ‘हा माझा’ असें म्हणणाराच तपासून घ्यावा लागतो. आश्रमांत वा इस्पितळांत सांपडलेलें माणूस कोणाच्या हवालीं करतांना जुनीं छायाचित्रें व कागदपत्रें पाहण्यांत जो वेळ जातो, त्याबद्दल घरच्यांनीं रागावूं नये.

आतां वरळीकडे वळूं. गव्हर्नर लॉइड याच्या कारकिर्दींत १९२० सालीं मुंबई विकास खातें निघालें. बॅकबेच्या भरावांत त्याची जी अपकीर्ति झाली ती वीर नरीमनांनीं चव्हाट्यावर आणली. खातें केव्हांच मोडलें, परंतु त्याच्या इंग्रजी नांवाचीं तीन आद्याक्षरें गिरणगांवाच्या तोंडीं कायम बसलीं. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडला ३२ व शिवडीस १२ अशा २०७ इमारती उठल्या. इमारत तळमजला धरून चार मजल्यांची, तींत ऐशीं खोल्या. मधून लांब बोळ व दोहों अंगांस १६० चौरस फुटांच्या खोल्या. संडास मजल्याचे सामायिक. आरंभीं कामगार तेथें राहावयास येईनात. १९३० च्या कायदेभंगांत वरळीच्या कांहीं चाळी सत्याग्रह्यांसाठीं तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. पुढें घाटावरचीं व कोंकणांतलीं कुटुंबें आलीं आणि एकेका खोलींत तीन पिढ्या वाढल्या.

एकशें एकवीस इमारती, आणि सगळ्या एका छापाच्या! एकाच संहितेच्या प्रती असाव्यात तशा त्या उभ्या राहिल्या. प्रतीप्रतींत भेद काय तो आंकड्याचा. ज्याच्या डोक्यांतून आंकडा गेला त्याला हा प्रदेश म्हणजे चक्रव्यूहच व्हावयाचा. तरी तो तसा झाला नाहीं, याचें कारण बोळ. चाळींतील दारें दिवसभर उघडीं. म्हातारा बोळांतून जिन्याकडे निघाला कीं चार दारांतून ‘बाबा, कुठं निघालात?’ असा प्रश्न येई, आणि चुकून दुसऱ्याच चाळींत त्याच आंकड्याच्या खोलींत शिरलाच, तर तेथील बाई त्याला चहा पाजून पोरासोबत घरीं धाडी. हें पाळत ठेवणें कोणीं ठरविलेलें नव्हतें व त्याचें कोणास श्रेयही मिळालें नाहीं. ऋद्धिपूर आणि वरळी यांत सात शतकांचें अंतर आहे, परंतु उंबरठ्यांची ही ओळख एकच.

स्मृतिभ्रंश झालेला माणूस निष्कारण फिरतो असें पाहणारास वाटतें, तें खरें नव्हे. तो बहुधा कोठें तरी निघालेला असतो. मात्र तें ठिकाण त्याच्या तरुणपणीं असतें. स्वतःच्या घरांत बसून तो ‘घरीं जायचंय’ म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांतलें घर गांवाकडचें असतें. गिरणींत तीस वर्षें काढलेला गडी पहांटे उठून पहिल्या पाळीला निघतो. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले व त्यांतील बहुतेकांस गिरणीचा दरवाजा पुन्हां दिसला नाहीं. पण त्याच्या कानांत भोंगा वाजतोच आहे. तो फिनिक्स गिरणी शोधीत लोअर परळास जातो, आणि त्याच्यापुढें मॉलच्या कांचा उभ्या राहतात. तो डिलाईल रोड विचारतो. ज्यास विचारतो त्या पोरास ना. म. जोशी मार्ग माहीत. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचें २०१८ सालीं प्रभादेवी झालें, बोरीबंदरचें नांव तर दोनदां पालटलें. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं बंद पडली, तरी एखाद्या नव्वदीच्या आजीला ती कोपऱ्यावर येईल असा भरंवसा असतो.

येथेंच आमच्यासारख्या जुन्या कागदांत रमणाऱ्यांचा उपयोग होण्याजोगा आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. शोधणारे तरुण आजच्या शहरांत शोधितात, हरविलेला मनुष्य पन्नास वर्षांपूर्वींच्या शहरांत चालत असतो. त्या शहराचा नकाशा, म्हणजे जुन्या रस्त्यांचीं नांवें, गिरण्यांचे दरवाजे, खानावळी, ट्रामचे थांबे, हा ज्यांच्यापाशीं आहे त्यांनीं तो घरच्यांपुढें मांडला तर पहिला मार्ग कोणता धरावा हें पुष्कळदां कळेल. तसेंच घरच्यांनीं आजाऱ्याची चेहरेपट्टी तो हरविण्यापूर्वींच लिहून ठेवावी: हल्लींचें छायाचित्र, जुनें व नवें नांव, गांव, पूर्वींचीं बिऱ्हाडें, नोकरीचीं ठिकाणें, औषधें, आणि कोणत्या हाकेला तो ओ देतो हें. हें शेवटचें कोणत्याही दफ्तरांत आढळत नाहीं व सर्वांत उपयुक्त तेंच असतें.

दवंडीचा प्रकारही मेलेला नाहीं. प्रयागच्या मेळ्यांत राजाराम तिवारी या गृहस्थांनीं १९४६ सालीं हातांत पत्र्याचा कर्णा घेऊन चुकल्यामाकल्यांस हांका मारण्यास आरंभ केला व पुढें त्यांतून मोठी छावणीच उभी राहिली. लालबागच्या गणपतीच्या गर्दींत ध्वनिक्षेपकावरून होणारी पुकार तीच. चाळीच्या मंडळाचा कर्णा एरव्हीं कितीही त्रासदायक असो, अशा रात्रीं त्याचें मोल कळतें.

राहिली अंगावरची खूण. आपल्याकडे गोंदण केवळ शोभेचें नव्हतें. हातावर नांव गोंदवून घेण्याची चाल बायकांप्रमाणें पुरुषांतही होती, आणि जत्रेंत वा घाटावर बेशुद्ध सांपडलेल्या निरक्षर माणसाचें तेंच एक पत्र असे. बोटांचे ठसे घेण्याची पद्धति बंगाल्यांत हर्शेल यानें १८५८ सालीं सुरू केली व १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें पहिलें कार्यालय निघालें. त्या कार्यालयाचा उद्देश गुन्हेगार ओळखणें हा होता. तीच विद्या आधाराच्या रूपानें घरोघर आली. पहिलें आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं दिलें गेलें. पुढें नागपुरास एक विलक्षण गोष्ट घडली. बुद्धीनें मंद असा एक मुलगा २०११ च्या सुमारास तेथें एकटा सांपडला. एका कुटुंबानें त्यास पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें. शाळेसाठीं त्याचें आधार काढूं गेले तों यंत्र तें स्वीकारीना, कारण त्याचे ठसे पूर्वींच जबलपुरास नोंदलेले निघाले. २०२१ सालीं, दहा वर्षांनीं, तो आपल्या मूळ मातापित्यांस भेटला. ज्यांनीं वाढविलें त्यांस तो दिवस कसा गेला असेल, याची कल्पना करवत नाहीं.

लॉकेटाची जात ताइताची. गळ्यांत बांधावें, आंत अक्षरें असावीं, तीं धारण करणारास वाचतां येऊं नयेत, आणि संकटसमयीं तीं त्याचें रक्षण करावीं, हें सर्व जुन्या ताइतासारखेंच; फरक इतकाच कीं हीं अक्षरें देवासाठीं नसून रस्त्यावरच्या परक्या माणसासाठीं लिहिलेलीं आहेत. म्हणून त्या परक्या माणसानें थांबून पाहिलें नाहीं तर ताईत व्यर्थ. शिवाय हट्टी म्हातारा लॉकेट काढून फेंकतो, हेंही घरोघरचें. तेव्हां सदऱ्याच्या आंतल्या बाजूस नांव व फोनचा आंकडा शिवून टाकणें हा शिंप्याचा उपाय अगदींच टाकाऊ नव्हे.

जेथें खूण नाहीं, ठसा नाहीं, बोलही तुटक, तेथें काय करावें? डॉ. भरत वाटवाणी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवाणी यांच्या श्रद्धा संस्थेनें १९८८ पासून, व पुढें कर्जतच्या केंद्रांतून, रस्त्यावर भटकणाऱ्या हजारों मनोरुग्णांस बरें करून घरीं पोंचविलें. २०१८ सालीं डॉ. भरत यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधानें मन थोडें निवळलें कीं एखादें गांवाचें नांव, एखाद्या नदीचें वा देवळाचें नांव बाहेर पडतें; बोलीवरून प्रांत ठरतो; मग कार्यकर्ता रुग्णास घेऊन त्या दिशेनें निघतो. आद्यन्त गेलेल्या पोथीचा ठिकाणा आपण असाच लावतों. पुष्पिका नसली तर लेखनाच्या वळणावरून, एखाद्या स्थानिक शब्दावरून, समासांतील टांचणावरून. चुकलों तर पोथी चुकीच्या मठाच्या नांवें जाते, त्यानें कोणाचें घर बुडत नाहीं. त्यांच्या कामांत चुकीची किंमत मोठी.

वरळीच्या चाळी आतां पाडल्या जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजल्यांची इमारत, पांचशें चौरस फुटांचें घर, स्वतःचा संडास. १६० चौरस फुटांत जन्म काढलेल्यांस हें सुख मिळालें याचा आनंद कोणासही व्हावा. बोळाच्या आठवणीनें गहिंवरणारे बहुधा तेथें राहिलेले नसतात. पण नव्या घराचें दार मिटलेलें असतें, उद्वाहन प्रत्येक मजल्यावर सारख्याच बोळांत उघडतें, आणि ज्या म्हाताऱ्याच्या पायांना जिन्याच्या पायऱ्या पाठ होत्या त्याला बटणांची रांग कांहीं सांगत नाहीं. एका इमारतींत पूर्वींच्या कित्येक चाळी मिसळल्यामुळें ‘बाबा, कुठं निघालात?’ विचारणारेही पांगले. नव्या सोसायट्यांनीं आपल्या अशा रहिवाशांची यादी घरच्यांच्या संमतीनें रखवालदारापाशीं ठेवावी, व दारांस आंकड्याखेरीज रंगाची वा चित्राची खूण द्यावी, एवढें तरी ताबडतोब करण्यासारखें आहे.

जातां जातां एक विनंति. चाळी रिकाम्या होतांना मंडळांच्या वह्या, भाड्याच्या पावत्या, फळ्यावर लावलेल्या सूचना व हरविल्याच्या जाहिराती रद्दींत चालल्या आहेत. त्यांत कोण केव्हां नाहींसा झाला, किती मंडळी कोणत्या दिशांस शोधावयास गेली, कोण कोठें सांपडला, याच्या नोंदी असण्याचा संभव आहे. ज्यांच्या पाहण्यांत असे कागद येतील त्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या, मात्र नांवें प्रसिद्ध करण्यापूर्वीं घरच्यांस विचारावें. पेशवाईंतील एखाद्या खासगी दफ्तरांत हरविलेल्या भ्रमिष्टाच्या शोधाचें पत्र कोणास आढळल्यास तेंही या लेखाच्या पुरवणीसाठीं अवश्य कळवावें.